डीजेच्या संथ तासालाही पट्टी असते

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतला डीजेच्या कामावरचा लेख वाचला. बीट, म्हणजे एकमेकींत मिसळणाऱ्या दोन रचनांचे ठोके, जुळवण्याबद्दल त्यात नेमकं लिहिलं आहे. मात्र कार्यक्रमाच्या सुरुवातीच्या संथ, शांत इलेक्ट्रॉनिक रचनांना त्यात 'माणसं जमेपर्यंत वेळ भरून काढणारं संगीत' म्हटलं आहे, ते मला लागलं. गेली अकरा वर्षं मी याच तासाची डीजे आहे. डीजेच्या कानाची सर्वांत कडक परीक्षा तिथेच होते, असं मी अनुभवाने सांगते.

मिनिटाला १२६ ठोके असलेल्या रचनेत ३२ बार (एक बार म्हणजे चार ठोके) साधारण एका मिनिटात संपतात. त्यातही पुढे असतात किक आणि हाय-हॅट हे ड्रमचे आवाज. त्यांचा सूर ठळक नसतो, म्हणून दोन रचनांच्या पट्ट्या जराशा भांडल्या तरी निभावून जातं. ९० ठोक्यांवर तेच ३२ बार ८५ सेकंद चालतात, आणि तेवढा वेळ दोन्ही रचनांचे पॅड, म्हणजे लांब आसेचे सूर, एकमेकांवर पसरलेले असतात. चूक झाकायला तिथे काही नसतं.

एकदा मी अशाच दोन रचना लागोपाठ घेतल्या. दोन्हींपुढे पट्टी ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने ८ए, म्हणजे ए मायनर (सा पेटीच्या पांढरी सहावर), लिहिलं होतं. दुसरी ९६ ठोक्यांची होती, ती ९०वर आणली. वेग बदलला तरी सूर जागेवर ठेवणारा की-लॉक बंद राहिला होता. तो बंद असताना वेग कमी केला की सूरही उतरतो. सहा टक्क्यांना जवळजवळ एक अर्धस्वर. फेडर, म्हणजे आवाजाची सरकपट्टी, वर घेतला आणि पांढरी सहाच्या अंगावर काळी चार येऊन बसली. समोर डोळे मिटून बसलेल्या एका बाईंनी चटकन डोळे उघडले. मी फेडर खाली ओढला, पण त्यांनी नंतर डोळे मिटले नाहीत. ते मला आजही आठवतं.

हार्मोनिक मिक्सिंग म्हणजे हा पट्टीचा विचार. त्यासाठी कॅमेलॉट चाक वापरतात: १२ घरं, प्रत्येकात ए म्हणजे मायनर (कोमल गंधाराची पट्टी) आणि बी म्हणजे मेजर (शुद्ध गंधाराची), मिळून २४ पट्ट्या. पेटी शिकलेल्याला ते परकं वाटायला नको. ८एवरून ९एवर जाणं म्हणजे ए मायनरवरून ई मायनरवर, सरळ षड्ज-पंचम भाव. ८ए आणि ८बीचे स्वर तेच, फक्त सा बदलतो. आपण मूर्च्छनेत करतो तसंच. म्हणून सॉफ्टवेअरने या दोघांत गल्लत केली तरी फारसं बिघडत नाही. खरी अडचण येते ती मुद्दाम सूर किंचित उतरवून किंवा टेपसारखा डळमळता ठेवून केलेल्या संथ रचनांची. त्यांचा सा दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी असतो आणि स्क्रीनवर मात्र ठाम आकडा दिसतो. त्यामुळे नवी रचना हाती आली की मी आधी पेटी उघडते, तिचा सा शोधते आणि मगच तो आकडा मान्य करते.

की-लॉक लावला की प्रश्न मिटतो, असं नव्या मुलांना वाटतं. तालाच्या रचनेत बऱ्याचदा मिटतोही. पण लांब पॅड फार ताणला की त्याच्या आत पाण्यासारखी थरथर ऐकू येते. मी दुसरी वाट धरते. ज्या रचनेत ठोकाच नाही, तिचा वेग जुळवायची गरज नसते. वेग बदलणारा पिच फेडर शून्यावर राहतो आणि सूर मूळचा राहतो. नुसत्या सा आणि पंचमावर रेंगाळणारी अशी दोन मिनिटं फार मोलाची. त्यात गंधार नसतो, म्हणजे मेजर-मायनर ठरलेलं नसतं. तिथून ए मायनरमध्ये जाता येतं, ए मेजरमध्येही. चाकावर ही दोन घरं, ८ए आणि ११बी, एकमेकांपासून लांब आहेत. तरी ऐकणाऱ्याला धक्का बसत नाही.

या संगीताला स्वतःची परंपरा आहे. ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनो यांनी १९७८मध्ये अशा शांत संगीताचं 'अँबियंट' हे नाव रूढ केलं. १९८९मध्ये लंडनच्या हेवन क्लबमध्ये अॅलेक्स पॅटरसन आणि जिमी कॉटी या डीजेंनी नाचाच्या मजल्यापासून वेगळ्या खोलीत तासन्‌तास संथ संगीत मिसळलं. त्या खोलीत लोक मुद्दाम येऊन बसत.

आपल्याला एकच विनंती. पुढच्या वेळी आपले प्रतिनिधी एखादा सेट ऐकायला जातील तेव्हा गर्दी होण्याआधी, अगदी पहिल्या रचनेपासून त्यांनी बसावं. पहिली रचना संपून दुसरी कधी सुरू झाली, ते त्यांना सांगता आलं तर तेही जरूर छापावं.

आपली,
एक डीजे आणि नियमित वाचक