राइडआधी उंची मोजता, मानेचं कोण विचारणार?

संपादक साहेब, स.न.

सुट्टीत भाच्यांना घेऊन एका थीम पार्कला गेलेलो, सोबत मेहुणाही होता, त्याला मानेचा स्पॉन्डिलायटिस, पण पोरांसमोर नाही कसं म्हणणार म्हणून बसला रोलर कोस्टरमध्ये आणि उतरला तो मान धरूनच, पुढे तीन आठवडे पट्टा. बीपी, हार्ट, गरोदरपण, मानपाठ वगैरे असेल तर बसू नका असा बोर्ड होता हो, पण कुठे, तर पाऊण तास रांगेत तापल्यावर अगदी गेटजवळ! तिथून माघारी कोण फिरतं? गेटवरच्या पोराने पट्टीने भाच्यांची उंची मोजली, बाकी काही विचारलं नाही.

आपलं डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं. राइडने ४ जीचा, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या चौपट, झटका दिला की तेवढा वेळ मानेवर वीस किलोचं ओझं, तेही बेसावध असताना.

जपानच्या फुजी-क्यू हायलँड या थीम पार्कमधली डो-डोडोन्पा नावाची रोलर कोस्टर १.५६ सेकंदात ताशी १८० किमी वेग घ्यायची, मान-पाठीची हाडं मोडल्याच्या तक्रारी आल्या आणि २०२१ च्या ऑगस्टमध्ये ती थांबवली, २०२४ मध्ये कायमची बंदच. जपानी माणसाच्या काटेकोरपणाचं आपण एवढं कौतुक करतो आणि तिथे ही गत.

राइड बंद करा असं नाही म्हणत, मला स्वतःला मजा आली. फक्त तो बोर्ड तिकीट खिडकीवर लावा, मराठीत, मोठ्या अक्षरात, आणि रांगेतून बाहेर पडणाऱ्याला पैसे परत द्या.

- एक वाचक, पुणे