वसतिगृहाच्या मामांना, मनापासून

मामा, सप्रेम नमस्कार.

हे पत्र पाकिटात घालून तुमच्या नावाने पाठवता आलं असतं. जाहीर लिहिते आहे, कारण दर वर्षी कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, फेऱ्या आटोपल्या की गावोगावचे आई-बाप गादीची वळकटी, बादली-मग आणि कागदपत्रांची फाइल घेऊन वसतिगृहांच्या गेटवर येऊन उभे राहतात. त्यांच्याशी कसं वागायचं हे तुम्हाला जेवढं कळतं तेवढं फार थोड्यांना कळतं.

प्रवेशाची कथा सांगत बसत नाही. डोमिसाइल, नॉन-क्रिमिलेअर, जातवैधता हे सगळं, ज्यांच्या घरात बारावीचं मूल आहे त्यांना पाठ असतं. एवढंच म्हणते, की तुमच्या गेटवर पोचेपर्यंत आमच्याशी कोणी धड बोललं नव्हतं. एका एजंटाने कॉट बेसिसच्या, म्हणजे कॉटमागे भाडं घेणाऱ्या, खोलीचे छान फोटो दाखवून डिपॉझिट घेतलं. प्रत्यक्षात खोली दुसरीच निघाली, खिडकी डक्टमध्ये उघडणारी, आणि पैसे परत मागितल्यावर त्याचा फोन बंद. एका कार्यालयात नुसतं या खिडकीवरून त्या खिडकीवर पाठवत राहिले. स्वागत समारंभात व्यासपीठावरून "पालकांनो, आता मुलांना मोकळं सोडा" असं भाषण झालं, तेही आम्ही बहुतेकांनी उभ्यानेच ऐकलं, कारण खुर्च्या पाहुण्यांपुरत्याच मांडलेल्या होत्या. अहो, सोडायलाच तर आलो होतो. कसं सोडायचं, हेच कळत नव्हतं. ते तुमच्यामुळे कळलं, आणि तुम्ही त्याबद्दल अवाक्षरही काढलं नाहीत.

आमच्या मुलीच्या वाट्याला आलेल्या भिंतीतल्या कपाटाची कडी निखळली होती. तुमच्यासारख्या माणसाचं ते पाच मिनिटांचं काम. पण तुम्ही दाराशीच थांबलात आणि मुलीच्या वडिलांकडे पाहिलंत. ते खिडकीशी हात पाठीमागे बांधून उभे होते. तुम्ही खिशातला डिस्मिस काढून त्यांच्या हातात दिलात. "दादा, कडी तुम्हीच बसवा. मी गेटवर सांगून ठेवतो, घाई करू नका."

मामा, या एका गोष्टीसाठी हे पत्र आहे.

खोलीत शिरल्या शिरल्या आईला काम सापडतं. ती कपाटात वर्तमानपत्र अंथरते, खण पुसते, चादर घालते, डबे कुठे ठेवायचे ते सांगते. डोळे भरून आले तरी हात चालू असतात, त्यामुळे निभावतं. बापाचं तसं नसतं. रात्रभर एस.टी.त बसून आलेला, पैशाची जुळवाजुळव करून झालेला, सामान जिन्याने वर चढवून झालेला बाप त्या खोलीत एकदम बिनकामाचा होतो. मुलींच्या वसतिगृहात तर आणखीनच अवघडतो. इथे किती वेळ उभं राहायचं, कुठे बघायचं, तेही त्याला कळत नाही. मग तो पंख्याचा वेग पाहतो, नळ सोडून बघतो, मेसच्या पैशांवरून उगाच कोणाशी तरी हुज्जत घालतो, नाहीतर "चला, उशीर होतोय" म्हणून सगळ्यांच्या मागे लागतो. लोकांना वाटतं, माणूस तिरसट आहे. तुम्हाला तसं वाटलं नाही.

आणि तुम्ही नुसता डिस्मिस देऊन निघूनही गेला नाहीत. काम नीट व्हावं म्हणून सांगितलंत तेही लिहिते, कारण दुसऱ्या आई-बापांच्या उपयोगी पडेल. कडी दर वर्षी निखळते, कारण किल्ली हरवली की मुली घाईत पट्टी उचकटून काढतात, आणि पावसाळ्यात फुगून सुकलेल्या प्लायमध्ये जुनी भोकं ढिली होतात. त्याच भोकात नवा स्क्रू पिळला तर तो नुसता फिरत राहतो. म्हणून गूल मोडलेल्या काडेपेटीच्या दोन-तीन काड्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून भोकात ठोकायच्या, बाहेर राहिलेला भाग ब्लेडने सपाट कापायचा, थोडं वाळू द्यायचं आणि मग स्क्रू पिळायचा. स्क्रू पाऊण इंचीच घ्यायचा. कपाटाचं दार पाऊण इंचाचं असतं, एक इंची स्क्रू घेतला तर टोक आत निघतं आणि ओढणी अडकून फाटते. पट्टी बसवताना बहुतेक जण चुकतात ते वेगळ्याच ठिकाणी. पट्टी कोयंड्यावर मिटली की सगळे स्क्रू तिच्याखाली झाकले गेले पाहिजेत. स्क्रू बाहेर दिसत राहिले तर कुलूप कितीही भारी असो, ज्याच्याकडे डिस्मिस आहे त्याला कपाट उघडंच.

हे सगळं होईपर्यंत मुलगी शेजारी उभी होती, तळहातावर स्क्रू घेऊन. वडील हात पुढे करायचे, ती एकेक द्यायची. फेव्हिकॉल वाळायची वाट बघताना दोघं बोलायला लागले. रात्री लॅबमध्ये उशीर झाला तर कोणाला कळवायचं, पैसे संपत आले तर महिनाअखेरची वाट न बघता सांगायचं, एखादा विषय राहिला तरी आधी घरी सांगायचं. घरी महिनाभर "सांभाळून राहा" आणि "वेळेवर जेवत जा" याच्या पुढे गाडी गेली नव्हती. समोरासमोर बसवून बोला म्हटलं असतं तर तिथेही गेली नसती. दोघांची नजर कडीवर होती म्हणून शब्द सुटले. निघताना तुम्ही येऊन पट्टी दोनदा उघडझाप करून पाहिलीत, "बसली" म्हणालात आणि डिस्मिस खिशात टाकलात. गेटपर्यंत येताना मुलीचे वडील ताठ चालत होते.

त्या दाराच्या आतल्या बाजूला तुम्ही चिकटवलेला कागदही मी नीट पाहिला. रेक्टर मॅडमचा नंबर, जवळच्या दवाखान्याचा, 112, रॅगिंगविरोधी मदतीचा 1800-180-5522 आणि मन फार खचलं तर बोलायला टेली-मानसचा 14416. हे नंबर सूचना फलकावरही होते. पण जी मुलगी घाबरलेली असते ती फलकापुढे उभी राहून नंबर उतरवून घेत नाही, कोणीतरी बघेल म्हणून. कपाट उघडून मात्र कोणीही उभं राहू शकतं. यूजीसीच्या 2009 च्या नियमांप्रमाणे रॅगिंगविरोधी हमीपत्रावर विद्यार्थ्याची आणि पालकांची, दोघांची सही घेतात. ती आम्हीही केली. पण माझ्या मनाला आधार वाटला तो तुमच्या कागदाचा.

किल्ल्यांचंही तुम्ही सांगितलंत ते पटलं. एक मुलीजवळ, दुसरी बंद पाकिटात, चिकटवलेल्या जागेवर मुलीची आडवी सही करून, रेक्टर मॅडमच्या कपाटात. "एक घरी नेतो" असं सगळे आई-बाप म्हणतात, पण किल्ली हरवते सकाळी कॉलेजला निघताना, आणि घर असतं एका रात्रीच्या अंतरावर. गादीचंही तसंच. वसतिगृहाची कॉट बहुधा अडीच फुटी, आणि घरून आणलेली गादी तीन फुटी. मग ती एका बाजूने लोंबते आणि महिन्याभरात मधून मोडते. आधी फोन करून माप विचारावं हे सुचत नाही, कारण त्या दिवसांत लक्ष कशातच नसतं. तुम्ही मात्र कोणाला हसला नाहीत. गादीची जास्तीची कड आत दुमडून दोरा कसा घालायचा ते तुम्ही आम्हा आयांना दाखवलंत.

रेक्टर मॅडमनी फोनबद्दल सांगितलं, तेही त्यांचे आभार मानून इथे लिहिते. पहिल्या आठवड्यात आई-बाप दिवसातून पाच-सहा वेळा फोन करतात. मूल वर्गात असतं, उचलत नाही, इकडे जीव वरखाली. रात्री एकदाच, ठरलेल्या वेळी करावा. "कशी आहेस" विचारलं की "बरी आहे" येतं आणि तिथेच बोलणं संपतं. "आज मेसला भाजी कोणती होती" विचारलं की पोळ्या कच्च्या होत्या, मग शेजारच्या खोलीतल्या मुलीने लोणचं दिलं, मग ती मुलगी कुठली, असं एकातून एक निघत जातं. मूल रडलं तरी पहिल्याच शनिवारी घ्यायला धावू नये. घरून परत जाताना ते दुप्पट रडतं, आणि खोलीतल्या मुलींची जी ओळख त्या दोन दिवसांत व्हायची ती राहून जाते. खरा कठीण काळ गणपतीला घरी येऊन परत गेल्यावरचा. पहिल्या आठवड्यात नवेपणा असतो, धावपळ असते. सणाहून परतल्यावर तेच जेवण, तीच खोली आणि समोर परीक्षा. तेव्हा आईने एकदा जाऊन यावं. एस.टी.त बायकांना 2023 पासून अर्धं तिकीट आहे, त्याचा याहून चांगला उपयोग कोणता?

सरकारने 8 जुलै 2024 च्या निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ केली. फार मोठं काम झालं, अनेक घरांत मुलगी पुढे शिकणार की नाही हा प्रश्नच त्यामुळे मिटला. पण खोलीचं भाडं, मेस, प्रवास, गादी, पुस्तकं हे राहतंच, आणि घर सोडून आलेलं मूल तिथे टिकतं की चार महिन्यांत परत येतं, हे बरंचसं ते राहतं त्या जागेवर ठरतं. आपल्याकडे हे जुन्या लोकांनी ओळखलं होतं. शाहू महाराजांनी कोल्हापुरात 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभं केलं आणि पुढे निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहांची रांगच लावली. नुसती शाळा काढून खेड्यातलं पोर शिकत नाही, त्याला शहरात पाठ टेकायला जागा लागते, हे त्यांना ठाऊक होतं. भाऊराव पाटलांच्या साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवली. तिथे धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही मोडलं. त्या मुलांच्या त्या वहिनी होत्या. मुलगा कुठला, कोणाचा, हे न विचारता त्यांनी त्याला जेवू घातलं.

मामा, तुम्हाला हे मोठेपण लावलेलं आवडणार नाही हे मला माहीत आहे. पण माणुसकीला हुद्दा लागत नाही, आणि तुमच्या ड्युटीच्या कागदावर कडी बापाकडून बसवून घ्या असं कोणी लिहिलेलं नाही. उलट तुम्ही वेळ मोडलीत. पुरुष पालकांना पाचला बाहेर काढायचा नियम होता आणि तुम्ही मॅडमना विचारून तो त्या दिवसापुरता पुढे ढकललात. ज्यांच्याकडे खुर्च्या होत्या, माइक होते, अधिकार होते, त्यांना हे सुचलं नाही. तुम्हाला सुचलं, कारण तुम्ही त्या माणसाकडे पाहिलंत.

इतर वसतिगृहांच्या रेक्टरांना आणि अधीक्षकांना एक विनंती. प्रवेशाच्या दिवशी गेटवर एक पेटी ठेवा. दोन डिस्मिस, एक हातोडी, पाऊण इंची स्क्रू, काडेपेटी, फेव्हिकॉल, कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी, थोडे खिळे आणि मोजपट्टी. पाचशे रुपयांच्या आसपास होईल. पेटीजवळ बाक आणि पाण्याचा माठ ठेवा. आणि एखाद्या खोलीत काही मोडलं असेल तर ते आदल्या दिवशी दुरुस्त करायची घाई करू नका.

जाता जाता, मामा, एक काम. त्याच कपाटाच्या वरच्या बिजागरीचे दोन स्क्रू आता ढिले झाले आहेत, दार खाली घासतं असं मुलगी म्हणते. तिला काड्यांची युक्ती माहीत आहे, पण दार उचलून धरायला दुसरं कोणी लागेल. सवड झाली की तेवढं बघा.

तुमची ऋणी,
एका मुलीची आई