केसपेपरवर औषधाचं नाव का नसतं?

संपादक महोदय,

माझी सगळी नोकरी इंदुरात मेडिकल वॉर्डात परिचारिका म्हणून झाली. भरतीच्या केसपेपरवर ‘किडनी फेल’, ‘बेशुद्ध’, ‘पोटात रक्तस्राव’ असं लिहिलेलं रोज वाचायचे. ते कोणत्या गोळीमुळे झालं हे मात्र क्वचितच लिहिलेलं असे. माणूस गेला तर दाखल्यावरही हृदय नाहीतर मूत्रपिंड. नावच येत नाही म्हणून मोजदाद नाही, आणि मोजदाद नाही म्हणून कुणाला घाईही नाही.

इंग्लंडमध्ये लिव्हरपूल परिसरातल्या दोन रुग्णालयांनी हे मोजलं. अहवाल २००४ साली प्रसिद्ध झाला. १८,८२० भरतींपैकी १,२२५ औषधांच्या दुष्परिणामांशी निगडित होत्या आणि त्यातले २८ रुग्ण दगावले. औषधं तरी कोणती? ॲस्पिरिन, लघवीच्या गोळ्या, रक्त पातळ करणारी वॉरफॅरिन, दुखण्याच्या गोळ्या. आपल्या प्रत्येक घरातल्या डब्यात यातलं काहीतरी असतंच. यातले बहुतेक प्रसंग टाळता येण्याजोगे होते, असंही त्या डॉक्टरांनी नोंदवलं आहे.

आमच्या सुदामानगरातल्या एक आजी न्यूमोनियासाठी भरती होत्या. सुट्टी देताना शुगरची गोळी वेगळ्या कंपनीच्या नावानं लिहून दिली. घरची जुनी गोळी कुणी बंद करायला सांगितली नाही, म्हणून तीही चालू राहिली. दोन्हींत औषध एकच, ग्लिमेपिराइड. त्यात एकादशी आली, आजी दिवसभर बिनसाखरेच्या चहावर. पहाटे त्यांच्या मुलाचा फोन आला, “काकू, आई उठतच नाहीये, लकवा मारलाय बहुतेक.” मशीनवर शुगर पाहिली तर अवघी ३४! रुग्णालयात शिरेतून ग्लुकोज दिल्यावर आजी डोळे उघडून बोलायला लागल्या, तशी घरच्यांनी निघायची तयारी केली. मी हट्टानं थांबवलं. या गोळीचा असर तासा-दोन तासांत उतरत नाही. म्हातारपणी मूत्रपिंड मंदावलेलं असलं तर तो आणखी रेंगाळतो. संध्याकाळी शुगर पुन्हा खाली आलीच. घरी असत्या तर काय झालं असतं, याचा विचार मला अजून सोसत नाही. आणि शेजारीपाजारी म्हणाले, “वय झालं, चालायचंच.” या वाक्याचा मला फार राग येतो.

गुडघे दुखतात म्हणून मेडिकलवरून परस्पर आणलेली डायक्लोफेनॅक हाही असाच प्रकार. बीपीची रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टन चालू, सोबत लघवीची गोळी, वर ही दुखण्याची. माळव्याच्या उन्हाळ्यात एखादे दिवशी जुलाब झाले की या तिघींनी मिळून क्रिएटिनिन वाढतं, म्हणजे मूत्रपिंडाचं काम मंदावतं.

डॉक्टरांनी औषधाचं मूळ नाव, वाचता येईल असं, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावं, हा नियम २०१६ पासून आहे. औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनंच द्यावं, असं १९४८ चा कायदा सांगतो. आपल्या शहरात एवढा मोठा दवा बाजार, पण गल्लीतल्या दुकानात पर्चा वाचतो तो नुकताच कामाला लागलेला पोरगा! संधिवाताची मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती रोज घेतली गेली तर तोंड सोलवटतं, रक्तातल्या पेशी घटतात, जीवही जातो. पर्च्यावर ‘सोमवार’ एवढा एक शब्द लिहायला डॉक्टरांना किती वेळ लागतो?

औषधाचा त्रास झाला तर सरकारच्या औषधदक्षता कार्यक्रमाकडे रुग्णालाही कळवता येतं. निःशुल्क क्रमांक १८००-१८०-३०२४. आपल्या आरोग्याच्या पानावर तो दर आठवड्याला छापावा, ही विनंती. आणि इथल्या एखाद्या मराठी मंडळानं ज्येष्ठांची बैठक ठेवली, सगळ्यांना घरातल्या गोळ्या पिशवीत घालून आणायला सांगितलं, तर मी यायला तयार आहे. कोणती गोळी बंद करायची ते डॉक्टरच ठरवतील. एकच औषध दोन नावांनी कुठे चालू आहे, तेवढं मी शोधून देईन.

– एक निवृत्त परिचारिका, सुदामानगर, इंदूर