पत्रपेटीवरच्या दुसऱ्या आडनावाबद्दल

आदरणीय काकूंस,

साष्टांग नमस्कार.

समोरासमोर आभार मानू लागले की आपण "चहा टाकू का?" असे विचारून विषय बदलता, म्हणून हे पत्र. ते सर्वांसमोर लिहिण्याचे कारण इतकेच, की आमच्यासारखी जोडपी जर्मनीत श्टुटगार्टला येतच असतात आणि सुरुवातीला गाडे नेमके कोठे अडते हे त्यांनाही कळलेले बरे. आपल्या सांगण्याप्रमाणे आपले नाव मात्र कोठेही घातलेले नाही.

खरे सांगायचे तर मी थोड्या गुर्मीतच आले होते. पुण्याहून ओहायोला जाऊन एक परदेश पचवला होता, तेव्हा दुसऱ्याचे काय एवढे, असे वाटत होते. शिवाय आता आम्हा दोघांकडेही अमेरिकी पासपोर्ट होते, म्हणजे व्हिसाशिवाय यायचे आणि ९० दिवसांच्या आत इथे बसूनच निवासाच्या परवान्यासाठी अर्ज करायचा. भारतीय पासपोर्टावर व्हिसाच्या रांगांत उभे राहिलेल्या मला ही सवलत इतकी मोठी वाटली, की पुढचे सारे आपोआप होईल असे मी धरून चालले. राहायला आल्यावर दोन आठवड्यांच्या आत पालिकेत करायची पत्त्याची नोंद, म्हणजे ‘आनमेल्डुंग’, आम्ही घरमालकाच्या सहीचे प्रमाणपत्र नेऊन वेळेत केलीही.

त्यानंतर नवऱ्याला कर-क्रमांकाचे पत्र आले. मला आले नाही. बँकेचे कार्ड आले नाही, आरोग्य विम्याचे पत्र आले नाही. महिनाभर मी पोस्टाला दोष देत होते. आपण जिन्यात भेटलात आणि सारे ऐकून एकच प्रश्न केलात, "पेटीवर नाव कुणाचं आहे?" पेटीवर फक्त नवऱ्याचे आडनाव होते, मी लग्नानंतरही माहेरचेच लावते. अमेरिकेत घराला क्रमांक असतो आणि पत्र त्या क्रमांकावर येते. इथे बहुतेक इमारतींत घरांना क्रमांकच नसतात. घंटीवर आणि पत्रपेटीवर ज्याचे नाव, त्याचेच टपाल, बाकीचे आल्या वाटेने परत. आपण घरात जाऊन कात्री आणि पांढऱ्या कागदाची पट्टी आणलीत, माझ्याकडून ठळक अक्षरांत आडनाव लिहून घेतलेत आणि पट्टी चिकटवायलाही मलाच लावलीत. पेटीच्या पत्र्यावर पट्टी थोडी तिरकी बसली आहे, ती अजून तशीच आहे.

बँकेची गोष्ट वेगळी. अमेरिकी नागरिक जगात कोठेही राहिला तरी त्याला अमेरिकेत कराचे विवरणपत्र भरावे लागते, आणि २०१० च्या एका अमेरिकी कायद्यामुळे परदेशी बँकांनाही अशा खातेदारांची माहिती द्यावी लागते. पहिल्या बँकेने आमचे पासपोर्ट पाहताच नम्रपणे नकार दिला. आपण तेव्हा सरळ म्हणालात, "हे मला नवीन आहे, मी काही सांगू शकत नाही." ज्यातले आपल्याला कळत नाही त्यातही सल्ला देणारी माणसे मी दोन्ही देशांत पुष्कळ पाहिली आहेत, त्यामुळे त्या वाक्याचा मला फार आधार वाटला. दुसऱ्या बँकेत आपण आमच्याबरोबर दीड तास बसलात आणि न समजलेला प्रत्येक परिच्छेद पुन्हा वाचायला लावलात.

पण सगळ्यात जास्त ऋण त्या पाटीचे आहे. एका सोमवारी आमच्या दाराच्या मुठीला ‘केअरवोखे’ लिहिलेली लाकडी पाटी अडकवलेली दिसली. नवऱ्याला ती शेजाऱ्यांची स्वागताची भेट वाटली आणि त्याने ती कौतुकाने स्वयंपाकघरात टांगली. जिना, तळघराची वाट आणि दारापुढचा फुटपाथ झाडण्याची त्या आठवड्याची पाळी आमची आहे, असा तिचा अर्थ होता. दहा दिवस जिना झाडला गेला नाही आणि पाटीही पुढे गेली नाही. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी अखेर आपल्याकडे तक्रार केली. आपण आमच्या वतीने दिलगिरी व्यक्त केली असती तर प्रकरण दोन मिनिटांत मिटले असते. त्याऐवजी आपण नवऱ्याकडून एक वाक्य जर्मनमध्ये घोकून घेतलेत: माफ करा, आम्हाला अर्थ कळला नव्हता, जिना आज झाडतो. तो खाली जाऊन ते म्हणाला तेव्हा आपण वरच्या कठड्याशी उभ्या होतात, हे त्याला ठाऊक होते. बाईंनी त्याला आत बोलावून कोणता पोछा घ्यावा ते दाखवले, आणि तेव्हापासून दोघे एकमेकांना नावाने ओळखतात. घाण दर आठवड्याला बाहेर नेण्याचा या शहराचा नियम १४९२ सालचा, हे आपल्याकडून कळल्यापासून नवरा सर्वांना सांगतो, की कोलंबस निघाला त्या वर्षी हे लोक झाडू मारत होते.

आमच्यासाठी एवढे का करता, असे मी एकदा विचारले होते. मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी-शहरे आहेत, तेव्हा गिरगावची मी इथे माहेरीच आहे, असे म्हणून आपण हसण्यावारी नेलेत.

येत्या सोमवारी पाटी आपल्या दाराशी येईल. आपल्या गुडघ्याचे दुखणे वाढले आहे, म्हणून तो आठवडा आम्ही घेतला आहे आणि खालच्या बाईंना नवऱ्याने तसे जर्मनमध्येच सांगितले आहे. आपण फक्त चहा टाकावा.

आपली नम्र,
समोरच्या घरातली पुणेकर, आणि तिचा नवरा