आधी तारा 'ओपन डी'त लावा

महोदय,

रविवारच्या पुरवणीत 'द स्मिथ्स' या मँचेस्टरच्या बँडच्या दुसऱ्या स्टुडिओ अल्बमवर, म्हणजे फेब्रुवारी १९८५ मधल्या 'मीट इज मर्डर'वर लेख आला, हे छान झाले. मात्र चौकटीत त्यातल्या 'द हेडमास्टर रिच्युअल' या गाण्याचे जे कॉर्ड छापले आहेत, ते नेहमीच्या ट्यूनिंगमधले आहेत. त्यांवर गाणे म्हणता येईल, पण रेकॉर्डवरची गिटार त्यातून निघणार नाही. बँडचा गिटारवादक जॉनी मार याने ती ओपन डी ट्यूनिंगमध्ये (मोकळ्या तारा छेडल्या की डी मेजर कॉर्ड वाजतो, अशी जुळणी), दुसऱ्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या पट्टीवर) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावून वाजवली आहे. मोकळ्या तारांचा जो झंकार सतत मागे राहतो, तो तिथून येतो.

तारा अशा लावाव्यात. सहावी, म्हणजे सर्वात जाड तार ई वरून डी वर उतरवा. पाचवी (ए) आणि चौथी (डी) आहे तशीच ठेवा. तिसरी जी वरून अर्धा सूर खाली, एफ शार्पवर. दुसरी बी वरून ए वर, पहिली ई वरून डी वर. प्रत्येक तार हव्या सुराच्या थोडी खाली नेऊन मग वर चढवत आणावी. थेट खाली उतरवून थांबलात तर खुंटीतली ढिलाई आणि नटच्या (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचेतली अडक यामुळे दोन-चार स्ट्रोकनंतर ती आणखी उतरते. चार तारा सैल झाल्या की मानेवरचा ताण कमी होतो आणि आधी लावलेल्या तारा किंचित चढतात, म्हणून सहाही तारा पुन्हा एकदा तपासाव्यात. स्प्रिंगवर तरंगणारा ब्रिज (तारा खालच्या टोकाला टेकतात तो भाग) असेल तर दोन फेऱ्यांतही भागत नाही.

आता कॅपो. तो फ्रेटच्या पट्टीला अगदी लागून, तिच्या मागे बसवावा. सैल तारांवर कॅपोचा दाब जास्त पडला की त्या बेसूर चढतात, आणि सगळ्यात आधी कानाला खटकते ती तिसरी तार. म्हणून ट्यूनर कॅपो लावल्यानंतरच पुन्हा धरावा: जाड तारेकडून बारीककडे ई, बी, ई, जी शार्प, बी, ई असे सूर यायला हवेत. थेट ओपन ई लावले तरी हेच सूर मिळतात, पण त्यासाठी तीन तारा वर ओढाव्या लागतात. अकूस्टिकवर, त्यातही बारा तारांच्या गिटारीवर, तो ताण नकोच. नऊचा सेट (पहिली तार ०.००९ इंच जाडीची) या ट्यूनिंगमध्ये फडफडतो, अकराचा (०.०११ इंच) बरा.

एवढे करूनही एका गिटारीवर रेकॉर्डइतका भरीव आवाज येणार नाही. तिथे रिकनबॅकर ही इलेक्ट्रिक गिटार आणि मार्टिन कंपनीची अकूस्टिक यांचे ट्रॅक एकमेकांवर चढवलेले आहेत. दोघे वादक असतील तर एकाने इलेक्ट्रिक घ्यावी.

जाता जाता: 'दॅट जोक इजन्ट फनी एनीमोअर' शेवटी विरत जाते आणि पुन्हा वर येते. ते मुद्दाम केलेले आहे, फाइल खराब नाही.

लेखात 'हाऊ सून इज नाऊ?' हे याच अल्बममधले म्हटले आहे. मूळ ब्रिटिश आवृत्तीत ते नव्हते. १९८४ मध्ये ते एका बारा इंची सिंगलच्या मागच्या बाजूला आले, मग 'हॅटफुल ऑफ हॉलो' या संकलनात. (हे संकलन मोजल्यामुळेच काही जण 'मीट इज मर्डर'ला तिसरा अल्बम म्हणतात.) सायर कंपनीच्या अमेरिकन आवृत्तीत मात्र ते घातले गेले, आणि घोळ तिथून सुरू झाला. जुनी एलपी घेणाऱ्यांनी दुसरी बाजू पाहावी: 'नोव्हेअर फास्ट'ने सुरू होत असेल तर गाण्यांचा क्रम मूळचा, 'हाऊ सून इज नाऊ?'ने होत असेल तर अमेरिकन.

पुढच्या पुरवणीत कॉर्डची चौकट ट्यूनिंग आणि कॅपोच्या उल्लेखासह पुन्हा छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, ठाणे