स्पायडर सुरू झाली, आभार!

न्यू जर्सीतल्या आमच्या गॅरेजमधली १९७५ ची फियाट १२४ स्पायडर, म्हणजे कापडी छताची जुनी गाडी, परवा एकदाची सुरू झाली. डिझाइन पिनिनफरिना या इटालियन कंपनीचं, ट्विन कॅम (झडपा उघडणारे दोन कॅम शाफ्ट असलेलं) इंजिन १७५६ सीसीचं. गंज मात्र इथल्या हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात त्या मिठाचा. मदत करणाऱ्यांना नाव छापून आलेलं चालणार नाही, म्हणून आभार नावांशिवाय.

सगळ्यात मोठं ऋण त्या आजोबांचं. टायमिंग बेल्ट (कॅम आणि इंजिनची चाल जुळवून ठेवणारा पट्टा) चढवण्याआधीच त्यांनी बजावलं, "दोन्ही कॅमच्या खुणा जुळवशीलच, पण खालचा ऑक्झिलरी शाफ्टही बघ. त्याच्यावर पेट्रोल पंप चालवणारा उंचवटा असतो. शाफ्ट चुकीचा बसला तर तो उंचवटा पिस्टनला जोडलेल्या कनेक्टिंग रॉडवर आदळतो. स्टार्टर मारू नकोस, आधी पान्याने हाताने फिरव." स्वतः शेजारी बसून दोन पूर्ण फेरे फिरवून घेतले, तेव्हा कुठे उठले.

फ्लोअरचे पत्रे वेल्ड करून पैसे न घेणारे शेजारी, आणि मुंबईहून व्हिडिओ कॉलवर वेबर कार्ब्युरेटरचा आवाज ऐकून "मिक्श्चर लीन आहे" (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) म्हणणारे पद्मिनीवाले मिस्त्रीकाका (शेवटी तीही फियाटच!), तुमचेही मनापासून आभार. छताचं कापड अजून बाकी आहे. शिवणकाम येणाऱ्यांनी सावध राहावं.