मेजर बदलता येतो, हे मुलांना आधी सांगा तरी

मा. संपादक,

बारावीचा निकाल लागला की आपल्याकडे कॉलेजच्या फॉर्मसाठी धावपळ सुरू होते आणि मेजर, म्हणजे डिग्रीचा मुख्य विषय, कुठला भरायचा हे बरेचदा मैत्रीण कुठे चालली आणि घरचे काय म्हणतात यावरच ठरतं. माझ्या भाचीने असंच केमिस्ट्री घेतलं, इथे गोव्यात वेर्ण्याला फार्मा कंपन्या आहेत ना, नोकरी मिळेल म्हणून. मायनर, म्हणजे जोडीचा दुय्यम विषय, बॉटनी होता आणि जीव रमला तो बॉटनीतच. मेजर बदलू का विचारायला ऑफिसात गेली तर उत्तर काय, एकदा घेतलं की घेतलं!

हे साफ चुकीचं आहे. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) डिसेंबर 2022 मध्ये चार वर्षांच्या डिग्रीचा जो आराखडा काढला त्यात पहिल्या वर्षानंतर त्याच शाखागटात मेजर बदलायची सोय आहे, म्हणजे केमिस्ट्रीवरून बॉटनी चालतं, आणि त्यासाठी 10 टक्के जादा जागा ठेवायलाही सांगितलंय. गोवा विद्यापीठाने 2023-24 पासून नवीन शैक्षणिक धोरणाप्रमाणे डिग्री सुरू केली, मग हे कॉलेजच्या खिडकीपर्यंत का पोचलं नाही?

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की जागा कमी असल्या तर पहिल्या वर्षाचे सगळे पेपर सुटलेले आणि सीजीपीए (ग्रेडची एकूण सरासरी) जास्त असलेल्यांना आधी घेतात. आता ज्या पोराला हे वर्ष संपताना, मे महिन्यात कळणार, आणि नावडत्या विषयात आधीच बॅकलॉग राहिलाय, त्याचा नंबर कसा लागणार? आणि खरं तर विषय बदलायची गरज त्यालाच सगळ्यात जास्त असते. घरी तर बोलायचीच सोय नाही, वर्ष फुकट घालवलं म्हणून ऐकावं लागतं, पण पास झालेल्या विषयांचे मिळवलेले क्रेडिट कुठे जात नाहीत, ते अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे मुलाच्या ऑनलाइन खात्यात, जमा असतात हे पालकांनाही कोणी सांगत नाही.

पेडणे, सत्तरीकडच्या मुलांची अडचण आणखी वेगळी. जवळच्या कॉलेजात हवा तो मेजर नसला की म्हापसा नाहीतर पणजी गाठायची, म्हणजे कॉलेजच बदलायचं, आणि बसचा प्रवास रोजचा.

म्हणून कॉलेजांना कळकळीची विनंती, अॅडमिशनच्या दिवशीच हा नियम मराठीत आणि कोकणीत छापून मुलांच्या हातात द्या, आणि कुठल्या मेजरला किती जागा रिकाम्या आहेत ते दुसऱ्या सेमिस्टरच्या परीक्षेआधी नोटीस बोर्डावर लावा.

– एक मावशी, डिचोली